पुरा वेढा, पाऊण वेढा

अर्धवट काम छगनरावांना जन्मात रुचले नव्हते. जेवणानंतर घशाशी येणारे आंबट कायमचे थांबावे म्हणून शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दोन्ही पद्धती समजावल्या. अन्ननळीच्या तळाशी जठराचाच वरचा भाग गुंडाळायचा. पुरा वेढा घालून, किंवा पाऊण.

“दोन्हींनी जळजळ थांबते,” डॉक्टर म्हणाले, “पण पुऱ्या वेढ्यात घास जास्त अडकतो, ढेकरही सहसा येत नाही. पाऊण वेढ्यात गिळणं सोपं.”

“डॉक्टरसाहेब, फुटक्या पायपाला ट्यूबची पट्टी पाऊण गुंडाळून गळती थांबती व्हय? पुराच घाला!”

जळजळ खरोखरच थांबली. दीड महिन्याने, निवांत छातीने, छगनराव कोल्हारहून पुणतांब्याला गेले. लेक ज्ञानेश्वरीने मुलगा पसंत केला होता. आता त्याच्या घरच्यांशी मने जुळली की सोयरीक पक्की!

मुलाच्या आईने, रंगुबाईंनी, पुरणपोळ्यांचा डोंगर रचला. छगनराव चिमणीएवढा घास घेऊन तो रवंथ केल्यासारखा चघळत बसले. शेजारी मुलाचे वडील अमृतराव चौथ्या पोळीवर होते!

“पाव्हणं, ग्वाड लागंना का?” रंगुबाईंचा आवाज उतरला.

“लई झ्याक हाय, वैनी!”

“मग पहिलीच पोळी का सरंना?”

लेकीचे लग्न एका पोळीवर अडलेले पाहून छगनरावांनी मोठा घास कोंबला. कारखान्याच्या फाटकात उसाचा ट्रॅक्टर अडावा तसा तो छातीच्या मधोमध अडला! डोळ्यांना धारा लागल्या. ते उठून अंगणात येरझारा घालू लागले.

“अगं बया! लेकीसाठी रडाया लागलं,” रंगुबाईंनीही पदर डोळ्यांना लावला. “धाडायची नसंल तर तसं सांगा की!”

तेवढ्यात घास उतरला.

“रडत न्हाई, वैनी! आंबटाचं आपरेशन झालंय. वेढा घातलाय आत.”

अमृतरावांचा हात ताटातच थांबला. “पुरा का पाऊण?”

“पुरा.”

“मग ढेकर?”

“येतच न्हाई.”

“अरारा! माजा पाऊण!” आणि अमृतरावांनी असा ढेकर दिला की दारातली शेरडं उठून उभी राहिली. “ह्यो माजा.” लगेच दुसरा आला. “आन् ह्यो पाव्हण्यांचा!”

आपले जेवण पाहुण्यांना पावल्याची ती ग्वाही ऐकून रंगुबाईंचा चेहरा सकाळच्या गोदावरीसारखा उजळला. तिथल्या तिथे सुपारी फुटली. आनंदाच्या भरात छगनरावांनीही एक खांड तोंडात टाकले.

कोल्हार आले, तरी ते खांड गिळायचे राहिलेच होते.