मिक्सरची आरती

सकाळी सव्वानऊ वाजता हैबतरावांनी काँक्रीटने भरलेल्या मिक्सरच्या मागे जाऊन माल ओतायच्या पन्हळीच्या तोंडावर लाल कापड बांधलं. पेणजवळच्या त्या काँक्रीट प्लांटचा मॅनेजर विशाल वजनकाट्याच्या खोलीतून हे पाहत होता. मग हैबतराव पुढे आले, बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला आणि केबिनमध्ये चढले.

यात चेष्टेचा भाग काहीच नव्हता. सव्वीस वर्षं हैबतरावांनी पेणच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती पोचवल्या होत्या. घरचे छोटे गणपती टेम्पोतून आणि मंडळांचे मोठे ट्रकमधून. खाली भाताचा पेंढा, मूर्तीच्या तोंडावर लाल कापड, आणि गाडीचा वेग पंचवीस. एवढ्या वर्षांत एका मूर्तीचं बोटसुद्धा मोडलं नव्हतं. मूर्तिकार गिऱ्हाइकाला सांगत, रंगात काही कमीजास्त झालं तर आमचं, पण हैबतराव नेतायत म्हणजे वाटेची काळजी नको.

गेल्या वर्षी टेम्पो पासिंगला नापास झाला आणि भंगारात गेला. त्या दिवशी हैबतराव जेवले नाहीत. पोरांनी आता नव्या गाड्या घेतल्या होत्या, त्या सत्तरने पळत, आणि मूर्ती थर्माकोलमध्ये गच्च बांधलेली असे. हैबतरावांना कोणी बोलावेना. घरात बसलेला माणूस दिवसातून किती वेळा पाणी पितो हे बायको शकूला कळायला लागलं होतं. शेवटी शेजारच्या शिवाने त्यांना प्लांटवर आणलं.

शिवा मिक्सर चालवत असे. आपल्याला हे काम जमेल का, असं हैबतरावांनी त्याला विचारलं होतं.

"दादा, इथं कोण ठरवून येत नाय," शिवा म्हणाला. "मी मिठागरात होतो. बांध फुटला, खारं पाणी आत आलं, मालकानं सोडून दिलं, म्हणून मी इथं. तो मिथुन शाळेची बस चालवायचा. पोरांच्या आवाजानं डोकं फिरायचं त्याचं. हितं आवाज जास्त हाय, पण माल रडत नाय."

विशालने पहिली फेरी ट्रायलची ठेवली होती. रोह्यात एका इमारतीचा स्लॅब टाकायचा होता, सहा गाड्या जाणार होत्या, आणि शेवटची हैबतरावांची. फेरी नीट झाली तर उद्यापासून कामावर. सूचना दोनच होत्या. अडीच तासांच्या आत माल साइटवर उतरायला हवा, आणि ड्रम वाटेत थांबता कामा नये, कारण थांबला की आत काँक्रीट घट्ट होऊ लागतं.

दुसरी सूचना हैबतरावांच्या जिवावर आली. सव्वीस वर्षं त्यांनी माल हलू दिला नव्हता, आणि आता माल थांबू द्यायचा नव्हता. पाठीमागे सहा घनमीटर काँक्रीट गरगर फिरतंय ही कल्पनाच त्यांना सहन होईना. तरीही नोकरी हवी होती, म्हणून त्यांनी मन घट्ट केलं आणि मिक्सर पंचवीसच्या वेगाने हायवेला घेतला. मागून हॉर्न वाजले. हैबतरावांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. हॉर्नची त्यांना सवय होती.

गडबला रस्त्याच्या कडेला ठमाबाईचं दुकान होतं. पेणहून निघालेला हैबतरावांचा प्रत्येक गणपती तिथे थांबायचा, ठमाबाई त्याच्यावर जास्वंद वाहायची आणि मग गाडी पुढे जायची. आज थांबायचं नाही असं हैबतरावांनी ठरवलं होतं. पण ठमाबाई ओंजळीत फुलं घेऊन रस्त्यातच उभी होती. सकाळी बाजारात शकूने तिला सांगितलं होतं, की आजपासून हे परत गाडीवर जातायत. कोणत्या गाडीवर, ते शकूने सांगितलं नव्हतं. हैबतरावांनी तिला तसं बजावलंच होतं. मूर्ती सोडून आपण दुसरं काम धरलंय हे त्यांना गावात कळू द्यायचं नव्हतं.

ठमाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिला हैबतरावांचा चेहरा दिसला, एक भलं मोठं काहीतरी दिसलं, आणि मागे लाल कापड दिसलं.

"केवढा मोठा आणलास रे हैबत," ती म्हणाली. "बाई बाई. कुठं चाललाय?"

"रोह्याला," हैबतराव म्हणाले. एवढं खरं होतं.

"आणि फिरतोय कशापायी?"

हैबतरावांना लाज वाटली. आपण काँक्रीट नेतोय हे सांगायला त्यांचं तोंड उघडेना. नवी पद्धत आहे, असं काहीतरी ते पुटपुटले. ठमाबाईने चाचपडत पन्हळीवर फुलं वाहिली, हात जोडले, आणि मिक्सर निघाल्याबरोबर निडीला दिलेल्या आपल्या बहिणीला, बायजाबाईला, फोन लावला. हैबत रोह्याला गणपती नेतोय, एवढा मोठा आजवर झाला नाय, आणि तुझ्या दारावरनंच जाईल, असं तिने कळवलं.

बायजाबाईने वेळ घालवला नाही. मिक्सर नागोठणं सोडून निडीला पोचला तेव्हा पावणेअकरा झाले होते, आणि रस्त्यात पंधरा-वीस बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. ताटांत निरांजनं पेटलेली होती. एकीने झांजाही आणल्या होत्या.

हैबतरावांनी गाडी थांबवली. दुसरा इलाज नव्हता.

बायजाबाईचे डोळे चांगले होते. तिने मिक्सर पाहिला, त्याचा फिरणारा ड्रम पाहिला, लाल कापड पाहिलं, आणि हैबतरावांकडे पाहिलं. तिच्या मागच्या बायकांनीही पाहिलं. कोणी हसलं नाही. हैबतराव खाली उतरले आणि अखेर त्यांनी जे होतं ते सांगितलं. टेम्पो गेला, मूर्ती गेल्या, हे काँक्रीट आहे, पोटासाठी धरलंय.



"असू दे," बायजाबाई म्हणाली. "पण हैबतदादा, आता निरांजनं पेटलीत. ओवाळल्याबिगर ती घरात परत कशी न्यायची?"

पेटलेलं निरांजन तसंच घरात न्यायचं म्हणजे काय होतं हे कोणाला नक्की माहीत नव्हतं, पण ते करून बघायची कोणाची तयारी नव्हती. तेव्हा मिक्सरला ओवाळायचं ठरलं. आता फिरत्या वस्तूला ओवाळायचं कसं, असं कोणीतरी विचारलं. हैबतराव केबिनमध्ये चढले आणि त्यांनी ड्रम बंद केला.

एक आरती म्हणून कोकणात कोणी थांबत नाही. पहिली झाली, मग दुसरी झाली, मग एका म्हातारीला आठवणारी तिसरी झाली, आणि झांजांना जोर आला. हैबतराव हात जोडून उभे होते, डोळे मिटलेले, आणि मिटल्या डोळ्यांपुढे घड्याळ. पंचवीस मिनिटांनी आरती संपली. खिरापत हातावर पडली. ड्रम सुरू केला तेव्हा तो आधी कण्हला, मग अडला, मग कसाबसा फिरू लागला.

रोह्याच्या साइटवर ते पोचले तेव्हा अडीच तासांना दहा मिनिटं कमी होती. आधीच्या पाच गाड्या रिकाम्या होऊन गेल्या होत्या. साइटची इंजिनीअर मृणाली हिने पन्हळीवरचं लाल कापड आणि जास्वंदीची फुलं बाजूला करून थोडा माल काढून पाहिला. कॉलेजातून नुकतीच आलेली ती मुलगी पुस्तकात लिहिलंय तसंच सगळं करत असे, म्हणून साइटवर तिच्या बोलण्याकडे फारसं कोणी लक्ष देत नसे. माल चालेल, पण जरा घट्ट आहे, असं ती म्हणाली.

सुपरवायझर तिकडून ओरडला, की घट्ट आहे तर पाणी मार शंभर लिटर. मिक्सरच्या अंगावर पाण्याची टाकी असते, नळ ड्रायव्हरच्या हाताशी असतो. माल घट्ट झाला की नळ सोडायचा, माल पातळ होतो, मजुरांना ओढायला सोपा जातो आणि गाडी लवकर सुटते. त्या दिवशी आधीच्या पाचही गाड्यांनी तसंच केलं होतं. जादा पाण्याने काँक्रीट कच्चं राहतं म्हणून मृणालीने तेव्हाही नको म्हटलं होतं, पण ते कोणी ऐकलं नव्हतं.

हैबतराव नळापाशी गेले आणि तिथेच उभे राहिले.

"मी नाय मारणार," ते म्हणाले.

सुपरवायझरला वाटलं, म्हाताऱ्याला नळ सापडत नाही. त्याने जवळ येऊन नळ दाखवला.

"नळ दिसतोय मला," हैबतराव म्हणाले. "कारखान्यातनं जसा दिला तसा पोचवायचा. वाटेत मूर्तीला कोण रंग लावतं का? सव्वीस वर्षं मी वाटेत मालाला हात लावला नाय."

सुपरवायझरने बरंच काही ऐकवलं. हैबतराव नळापुढून हलले नाहीत. शेवटी मजुरांनी शिव्या देत तो घट्ट माल फावड्यांनी ओढला, माल दाबून बसवायचा व्हायब्रेटर दुप्पट वेळ चालवला आणि स्लॅबचा उरलेला कोपरा पुरा केला. मृणालीने प्रत्येक गाडीतल्यासारखा या गाडीतलाही माल लोखंडी पेट्यांत भरून त्याचे ठोकळे पाडले, त्यांवर गाडीचा नंबर लिहिला आणि ठोकळे पाण्यात ठेवले. अठ्ठावीस दिवसांनी ते यंत्रात दाबून बघायचे होते.

संध्याकाळी हैबतराव प्लांटवर परत आले तेव्हा तक्रार आधीच पोचली होती. आरतीची हकिगतही पोचली होती. विशाल वाईट माणूस नव्हता. त्याने हैबतरावांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि काका, तुमचं या गाडीवर जमायचं नाही, असं सांगितलं. हैबतरावांनी चहा संपवला, लाल कापडाची घडी करून खिशात ठेवली आणि घरी आले. आपल्या हातांना येत होतं ते आता कोणाला नको आहे, असं त्यांना वाटलं, आणि ते तसंच्या तसं त्यांनी शकूला सांगितलं.

शकू म्हणाली, "मला हवं हाय. उद्या गिरणीतनं दळण आणा. सांडू नका."

पुढचा महिनाभर हैबतराव दळण आणत होते आणि सांडत नव्हते.

एकोणतिसाव्या दिवशी विशाल स्वतः घरी आला, बरोबर शिवा. विशालचा चेहरा उतरलेला होता. ठोकळे दाबून झाले होते. पाच गाड्यांचे ताकदीत कमी भरले होते. इमारत पडायची नव्हती, पण तपासणी लागली होती आणि प्लांटची नाचक्की झाली होती. सहाव्या गाडीचे ठोकळे मात्र हवे होते त्याहून भक्कम निघाले होते. एकाच प्लांटचा, एकाच दिवसाचा, एकाच मापाचा माल असून असं का, याचं उत्तर विशालला वरच्या साहेबांना द्यायचं होतं.

"काका, तुम्ही त्यात काय टाकलं होतं?" त्याने विचारलं.

"काय नाय."

"मग केलंत काय?"

हैबतरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "काय नाय केलं," ते म्हणाले. "पाणी मारलं नाय, येवढंच. आणि निडीला आरती झाली."

विशालने दोन्ही गोष्टींवर विचार केला. पाणी मारू नका असं अकरा ड्रायव्हरांना सांगायचं म्हणजे रोज प्रत्येक साइटवर भांडण होतं. आरतीला भांडण नव्हतं. त्याने हैबतरावांना दुसऱ्या दिवशीपासून कामावर यायला सांगितलं, आणि रोह्याकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीने निडीला पाच मिनिटं थांबावं, एकच आरती घ्यावी, ड्रम चालू ठेवावा, असा कागद नोटीस बोर्डावर लावला. खरं कारण पाणी आहे हे हैबतरावांनी त्याला दोनदा सांगितलं. विशालने दोन्ही वेळा मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबतरावांनी आपल्या नव्या गाडीला हात जोडले. लाल कापड या वेळी पन्हळीला न बांधता त्यांनी पाण्याच्या नळाला बांधलं, तीन गाठी मारून. बाकीचे ड्रायव्हर पाहत होते. हा पूजेचाच भाग असणार, असं त्यांना वाटलं. बाकीच्या गाड्यांसाठी असं कापड मिळेल का, हे शकूला विचारायला शिवा संध्याकाळी घरी आला, आणि शकूने आपली जुनी लाल साडी फाडून तिच्या अकरा पट्ट्या केल्या.

पुढच्या महिन्यात साइटवर सुपरवायझर ओरडत राहिले आणि ड्रायव्हर नळापाशी जाऊन परत येत राहिले. देवाच्या नावाने बांधलेल्या गाठी सोडायला कोणाचा हात धजेना. एक सुपरवायझर एकदा स्वतःच पुढे झाला, कापडावर कोणीतरी लावलेलं कुंकू त्याने पाहिलं, आणि मजुरांनाच फावडी जोरात मारायला सांगितलं.

अठ्ठावीस दिवस भरले तसे त्या महिन्याचे सगळे ठोकळे पास झाले. विशालने पेढ्यांचा पहिला बॉक्स निडीला बायजाबाईकडे पाठवला. दुसरा प्लांटवर फिरला. हैबतरावांच्या वाट्याला एक पेढा आला, तो त्यांनी शकूसाठी कागदात गुंडाळला.

शिवा तिथेच उभा होता. त्याने इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "दादा, खरं सांगा. माल कशानं सुधारला? आरतीनं का पाणी न मारल्यानं?"

हैबतराव केबिनमध्ये चढले आणि त्यांनी ड्रम सुरू केला.

"तू गाठ सोडू नको," ते म्हणाले. "म्हंजे झालं."