यामिनीसाठी दहा स्लाइड

लग्नानंतर मुलीला माहेरचं नाव चालू ठेवायचं असेल, तर नव्वद दिवसांत त्यासाठी गुंतवणूकदार मिळवावा लागतो; नाही मिळाला तर नाव बंद होतं. यामिनीच्या लग्नाला एक्याऐंशी दिवस झाले होते. ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं 'ऋजुता' सासरी सुरळीत चालू होतं.

सादरीकरण हृषीकेशने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, स्वतः तपासलं.

"पहिल्याच स्लाइडवर बारशाचा फोटो नको गं. आधी अडचण मांड, मग उपाय."

"अडचण बाबांची आहे."

अर्धांगाच्या झटक्यानंतर तिच्या वडिलांकडे दोनच शब्द उरले होते. 'पाणी' आणि 'यामिनी'.

"मग तेच टाक. पण ठळक अक्षरात नको, रडगाणं वाटतं."

सासूबाई शेंगा सोलत ऐकत होत्या. "माझं वत्सला होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी स्लाइडबिइड नव्हत्या. वरण शिजेपर्यंत बंद झालं." मग सूप झटकत त्यांनी विचारलं, "शेवटच्या स्लाइडवर काय ठेवलंयस?"

"आभार."

"आभार कसले? आधी मिळू दे तर!"

मिरजेच्या एका सभागृहात तीन गुंतवणूकदार बसले होते. दहाही स्लाइड त्यांनी शांतपणे पाहिल्या. मधल्या दफ्तरदार बाईंनी चष्मा पुसला.

"सध्या नाव वापरणारे किती?"

मैत्रिणींनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी फोनमध्ये नाव बदललं होतं. आईसुद्धा आता जपून ऋजुता म्हणायची.

"एक," यामिनी म्हणाली.

"वय?"

"बहात्तर."

"त्यांना नवीन नाव शिकवून पाहिलंत?"

"महिनाभर. शिकवायला बसलं की ते पाणी मागतात."

बाईंनी ते लिहून घेतलं. "आणि तुम्ही स्वतः? दिवसातून किती वेळा वापरता?"

यामिनी गोंधळली. इतक्या वर्षांत तिने स्वतःला कधी हाक मारली नव्हती. मारायची असते, हे कुणी सांगितलंही नव्हतं.

"एकदाही नाही."

"बघा, मालकीणच वापरत नाही, तिथे आम्ही पैसे कसे घालायचे?" बाई मायेने म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका. नाव गोड आहे. माझंसुद्धा असंच काहीतरी..." त्या आठवत राहिल्या. "असो. चहा घेऊन जा."

नव्वदाव्या दिवशी दुपारी नाव बंद झालं. सासूबाईंनी शिरा केला. रीत असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रोजच्यासारखा फोन आला. आई नंबर लावून तो बाबांच्या कानाशी धरायची.

"यामिनी," बाबा म्हणाले.

"त्या आता इथे नसतात," ऋजुता म्हणाली. नियमात तेवढंच वाक्य होतं.

मग बाबांनी उरलेला शब्द वापरला.

"हो," ती म्हणाली. "आईला सांगते हं, द्यायला."