वाकलेलं सेप्टम

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात वाशीतल्या सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर यांना तक्रारपेटीत एक बिनसहीची चिठ्ठी मिळाली. 'सेप्टम डावीकडे बरंच वाकलंय. पावसाळ्यापूर्वी सरळ करून घ्यावं.'

पाणी न येणं, जिन्यातले दिवे जाणं या तक्रारी त्यांना तोंडपाठ होत्या. सेप्टम मात्र नवीन होतं. बायकोला, चारुलताला विचारलं तर ती म्हणाली, "मला कशाला विचारता? बाबांचा लॅटिन शब्दकोश आहे की माळ्यावर."

सासरे वकील होते. कोशातली धूळ झटकून श्यामसुंदरांनी अर्थ वाचले. एक, कुंपण. दोन, मेंढरं कोंडायचं आवार. तीन, मतदार उभे करायची बंदिस्त जागा. मेंढरांना आणि मतदारांना एकच शब्द पाहून त्यांना रोमन लोकांविषयी आदर वाटला, आणि पुढल्या महिन्यात सोसायटीची निवडणूक असल्याने धास्तीही.

"तक्रार करणारा लॅटिन जाणतो," ते म्हणाले. "असा माणूस कोर्टात जाऊ शकतो."

रविवारी नकाशा घेऊन ते कुंपणापाशी गेले. पलीकडे सानपाडा गावचा पंढरी उभा होता. त्याने दोरीचं दुसरं टोक धरलं. दोरी ताणली आणि श्यामसुंदरांनी नकाशा पुन्हा उघडला. कुंपण खरंच डावीकडे गेलं होतं, चांगलं चार फूट, आणि गावाची विहिरीकडची पायवाट सोसायटीच्या आत आली होती.

"दोन वर्सां अर्ज देतोय, सायेब," पंढरी म्हणाला. "माजी आय वलसा घालून पानी आनते."

तो अर्ज श्यामसुंदरांच्याच फायलीत होता. त्यांनी दोरी गुंडाळायला घेतली. आठ दिवसांत खांब उपटले, सरळ रेषेत रोवले.

काम संपलं त्या संध्याकाळी पंढरी आणि त्याची आई गोजरा भलामोठा जिताडा मासा घेऊन दारात आले. त्यांच्या मागोमाग दुसऱ्या मजल्यावरचा विलास आला.

"सेक्रेटरीसाहेब, माझी एक चिठ्ठी चुकून पेटीत गेली का? नळाच्या तक्रारीऐवजी डॉक्टरांची टाकली वाटतं. नाकाचं हाड वाकलंय माझं. सेप्टम म्हणतात."

चारुलता तोंडाला पदर लावून आत गेली. श्यामसुंदरांनी एकदा विलासच्या नाकाकडे पाहिलं, एकदा माशाकडे. मग गोजराबाईंसमोर हात जोडले.

"आजी, खरं सांगतो. तुमचा अर्ज मी वाचलाच नव्हता. हे सगळं चुकून झालं."

म्हातारीला सगळं समजायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "चुकून झाला तरी झाला ना? मुद्दाम तं कोनी केला नाय."

इतक्या वर्षांच्या सेक्रेटरीपदात कुणी आपल्या दारी उपकार मानायला आलं नव्हतं, हे श्यामसुंदरांना तेव्हा जाणवलं. त्यांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. विलासपाशी जाऊन तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि निरखून पाहिला.

"बरा हाय की," ती म्हणाली. "नाक असाच आनखी थोरे दिस र्‍हाऊ दे, बाबा. गावचा रस्ता पन वाकराच हाय."