इनासमामांचा तिसरा पुकारा

इनासमामांचा मला पहिल्या दिवसापासून राग होता, हे आधीच सांगून टाकते. मागाहून 'तुम्ही बोलला नाहीत' नको.

आमच्या संध्याकाळच्या लॉ कॉलेजात हजेरी प्राध्यापक घेत नसत, शिपाई घ्यायचा. तो शिपाई म्हणजे इनासमामा. जन्मभर एका कोर्टात पट्टेवाले होते, पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचे. निवृत्त झाले आणि ते कोर्ट घशात घेऊनच आमच्याकडे आले. मस्टर काखेत, छाती पुढे आणि बेंबीच्या देठापासून, "सुनंदा प्रकाश कदम हाजिर हायेऽऽ?"

हजर असलो तर एका पुकाऱ्यावर सुटका. नसलो तर दुसरा पुकारा जिन्याच्या तोंडाशी आणि तिसरा खाली रस्त्यावर, रिक्षा स्टँडसमोर. मग कुठे गैरहजेरीची फुली. "तीन पुकारे. कायदा हाय," असं वर आम्हालाच सुनावायचे. अर्धा तास त्यातच जायचा.

कॉलेज तरी काय दिवे लावत होतं! वसई स्टेशनजवळ माणिकपूरला, साड्यांच्या दुकानाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चार खोल्या. ग्रंथालय म्हणजे एक कपाट, त्याची किल्ली संस्थेच्या साहेबांच्या खिशात. कराराचा कायदा शिकवणारे सर गाईड वाचून दाखवायचे, तेसुद्धा दोन पानं एकदम उलटून. माहितीपत्रकात 'सुसज्ज अभिरूप न्यायालय' छापलं होतं. तीन वर्षांत मला त्याची एक खुर्ची दिसली असेल तर शपथ. मी अंधेरीचं ऑफिस करून धापा टाकत यायची ती यासाठी?

एकदा आमच्या घराशेजारच्या देसाईकाकू कॉलेजखालच्या रस्त्यावर बोंबील घेत होत्या. त्यांनी माझ्या नावाचा तिसरा पुकारा ऐकला. मी नालासोपाऱ्याला घरी पोचेपर्यंत सासूबाई देव पाण्यात ठेवून बसलेल्या! "काय केलंस गं बाई? कोर्टात नाव पुकारलं म्हणे तुझं!"

दुसऱ्या दिवशी मी मामांना धारेवर धरलं. "मामा, हे कोर्ट नाही. माझी अब्रू बाजारात का मांडता?"

"बाय, उशीर तू करनार आनि ओरडनार माझ्यावर? तीन पुकारे झाल्याबिगर मी कोनाला गैरहजर लिवनार नाय. साहेबाच्या बापालाबी नाय!"

त्यात आणखी एक विक्षिप्तपणा. सगळी नावं संपली की ते मस्टरमध्ये नसलेलं एक नाव पुकारायचे. "फिलोमिना जुजे हाजिर हायेऽऽ?" ही कोण, कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा मागच्या बाकावरच्या पाटीलने बायकी आवाजात 'हाजिर, मायलॉर्ड' म्हटलं, तर मामांनी डस्टर असा भिरकावला की पाटीलचा कान थोडक्यात वाचला.

शेवटच्या वर्षी खालच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास आला आणि त्यांनी आवाजाची तक्रार केली. साहेबांनी फर्मान काढलं, साडेसहाला एकच पुकारा, तोही हळू. त्याच सुमाराला माझ्या टर्मला नेमकी एक हजेरी कमी पडली. टर्म नाही तर परीक्षा नाही, आणि पुन्हा एक वर्ष घालायची माझ्या घरात कुणाची तयारी नव्हती. शेवटचा दिवस उरला होता.

आणि त्याच दिवशी गाडी नायगावच्या अलीकडे मेल्यागत उभी राहिली. वसईला उतरले तेव्हा सात वाजून गेले होते. संपलं सगळं. रेल्वेला, कॉलेजला, स्वतःला शिव्या घालत पूल उतरत होते, तेवढ्यात खालून आवाज आला.

"सुनंदा प्रकाश कदम हाजिर हायेऽऽ?"

पुलाच्या पायथ्याशी इनासमामा. काखेत मस्टर. येणारेजाणारे वळून बघत होते.

"हाजिर!" मी जिन्यावरूनच किंचाळले.

मामांनी एका रिक्षाच्या टपावर मस्टर ठेवून माझ्या नावापुढे हजेरीची खूण केली. "दोन पुकारे कॉलेजात दिले. तिसरा गाडी आल्याबिगर कसा देनार?"

म्हणजे हा माणूस साडेसहापासून तिथे उभा होता. मला रडूच आलं. "मामा, कशाला हो एवढं?"

चालता चालता ते पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "फिलू आमच्या गावची. नवऱ्यानं टाकलेली. पोटगीचा दावा होता. पोराला पानी पाजायला नळावर गेली आनि पुकारा आला. जेवायची सुट्टी व्हायची होती, न्यायाधीश घाई करत होते. मी दोनच पुकारे दिले. 'हाजिर नाय' बोललो. दावा गेला. पदर पिळत आली, म्हनते, 'मामा, मी इथंच तर होते.'"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या न्यायाधीशाचा राग, त्या जेवणाचा राग, आणि तीन वर्षं या माणसावर खेकसणाऱ्या माझाही.

साहेब दारातच होते. "हजेरी कॉलेजात घेतात, स्टेशनवर नाही!"

"पुकारा ऐकू येल तिथवर कोर्ट, साहेब!" मामा गरजले. खालचा कॉम्प्युटर क्लाससुद्धा बाहेर आला. सगळा वर्ग गॅलरीत उभा राहून बघत होता. साहेबांनी दात खात मस्टरवर सही केली.

आम्ही वर्गात बसलो. मामांनी शेवटचं नाव पुकारलं. "फिलोमिना जुजे हाजिर हायेऽऽ?"

मी पाटीलकडे असं पाहिलं की त्याने उघडलेलं तोंड मिटलं. मामा जिन्याच्या तोंडाशी गेले, दुसरा पुकारा दिला. मग मी उठून उभी राहिले.

"मामा, बाई नळावर गेल्यात, पोराला पाणी पाजायला. येताहेत. जरा थांबा."

मामा मस्टर उघडं धरून तिथेच थांबले.