केणींच्या ताब्यातलं मशीन

इतर माणसं खिशाला पेन लावतात. आमचे केणी खिशात स्पार्क प्लग ठेवायचे. सोसायटीच्या गवत कापायच्या मशीनचा. कोणी परस्पर मशीन सुरू करू नये म्हणून काम झालं की ते प्लग काढून घेत, भोकात कापडाचा बोळा बसवत आणि प्लग खिशात घालून बाजारात, लग्नाला, एकदा तर मयतीलाही जात.

नव्वदीच्या दशकात सांडोरच्या केळीच्या वाड्यांना लागून आमच्या चार इमारती उभ्या राहिल्या. बिल्डरने नळाला पाणी द्यायचं कबूल केलं होतं, दिलं लॉन. आम्ही टँकरची वाट बघत बसलेलो आणि बाहेर ही हिरवळ. लोक फार ओरडले, तेव्हा त्याने मागून ढकलत चालवायचं, पेट्रोलवरचं हे मशीन भेट दिलं. कुंपणापलीकडचा वाडीवाला रोज विचारायचा, "गवत लावता, वाढवता, आनि कापून टाकता? खातं तरी कोन?"

केणी गोदीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, घरात एकटे. मशीन आपसूक त्यांच्या ताब्यात गेलं. मी सेक्रेटरी, म्हणून दर रविवारी अंधाऱ्या शेडमध्ये टॉर्च धरायला मी. गवत कापायला वीस मिनिटं लागत, सर्व्हिसिंगला दोन तास. दिवाळीनंतर गवत वाढायचंच नाही, पण रविवार काही टळायचा नाही.

"सेक्रेटरी, सांगा. पहिलं काय?"

"प्लगची वायर काढायची."

"का?"

"पातं फिरवताना इंजिन अचानक सुरू होऊ शकतं."

"मग?"

"मग बोटं जातील, केणी. गेल्या रविवारीही गेली होती."

"पुढे."

पुढे तेल. इंजिन पाच मिनिटं चालवून तेल गरम असतानाच काढायचं. तेल मोजायची पट्टी पुसून, बुडवून ते माझ्या नाकासमोर धरायचे. "रंग सांगा." मी म्हणायचो, "काळा." "कसला काळा? कोऱ्या चहाचा की डांबराचा?" एअर फिल्टरचा स्पंज साबणाने धुऊन ते बाल्कनीत बनियनशेजारी वाळत घालत. मला खोकला झाला तेव्हा भर जिन्यात म्हणाले, "सेक्रेटरी, तुमचा फिल्टर चोक झालाय. मीटिंगमध्ये जरा कमी बोला."

आणि सगळ्यात मोठा नियम: खालचं गवत खरवडायला मशीन आडवं करायचं, तर फिल्टरची बाजू वर. हे मला त्यांनी दोनशे वेळा तरी सांगितलं असेल. दोनशे वेळा कोण ऐकतो?

एका वर्षी चौदा ऑगस्टला केणी भाचीच्या साखरपुड्याला कामणला गेले. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन, नगरसेवक येणार, आणि पात्याखाली ओल्या गवताचा लगदा साचलेला. म्हटलं, एवढंसं काम केणींवाचून अडतं की काय! मशीन आडवं केलं, खरवडलं, उभं केलं. दहा मिनिटं लागली. फार बरं वाटलं.

सकाळी केणी परतले, शेवटचा हात फिरवायला त्यांनी प्लग बसवला आणि दोरी ओढली. नेमके तेव्हाच पाहुणे वेळेआधी पोचलेले. इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि धुराचा असा लोट सोडला, की झेंड्याचा खांब दिसेना. नगरसेवक खोकत खोकत गाडीत जाऊन बसले. मी मशीन नेमकं फिल्टरच्या बाजूवर पाडलं होतं. तेवढ्या दहा मिनिटांत इंजिनातलं तेल तिकडे उतरलं होतं. केणींनी फिल्टर काढून पिळला. बराच वेळ हाताकडे बघत राहिले.

त्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये सगळे त्यांच्यावर तुटून पडले. तेल जास्त भरलं, आता वय झालं, हट्टीपणा नडला. केणी उभे राहिले. मी इतिवृत्ताच्या वहीत मान घातली.

"झालं असेल," एवढंच म्हणाले. शेडची चावी आणि प्लग टेबलावर ठेवून खाली बसले.

इतिवृत्त मीच लिहिलं. 'श्री. केणी यांच्या निष्काळजीपणामुळे मशीन नादुरुस्त झाले.' अक्षर माझं, खाली सही माझी. ते वाक्य खोटं आहे. मशीन मी बिघडवलं. पुढे ते एका कंत्राटी माळ्याकडे गेलं आणि दोन पावसाळ्यांत भंगारात.

हे मी केणींना सांगितलं, पण बऱ्याच वर्षांनी, ते अंथरुणाला खिळल्यावर. बिछान्याशेजारी बसून एका दमात सगळं बोलून टाकलं.

"माहीत आहे," केणी म्हणाले. "फिल्टर पिळला तेव्हाच कळलं. आणि शेडची दुसरी चावी तुमच्याचकडे होती, सेक्रेटरी."

मला त्यांचा रागच आला. "मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत? एवढं ऐकून घेतलंत?"

"बोललो असतो, तर शरमेने रविवारचं यायचं सोडलं असतंत तुम्ही."

त्या मीटिंगनंतर मी त्यांच्याकडे एकाही रविवारी गेलो नव्हतो. जिन्यात त्यांची चाहूल लागली, की दार लावून घ्यायचो.