सटवोजी नळकर यांनी सुकाणदारीची परीक्षा फिरविली त्याची हकीकत

श्री. ज्याच्या श्वासावर आकाशीचे दुर्ग तरंगती त्या चालकास नमन करून, उड्डाण शके तीनशे बेचाळीस, वैशाख मासी जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. इतके समजावे की ते राज्य भूमीवर नव्हते. पूर्वज पृथ्वी सोडून दूरच्या एका थोर ग्रहास गेले, आणि त्या ग्रहास जमीन नाही, वर मेघ आणि खाली अग्नी, म्हणोन त्यांनी मेघांवर तरंगणारा लोखंडी दुर्ग बांधिला आणि चाळीस हजार माणूस त्यात नांदू लागले. दुर्गास सुकाणू एक. वारा ओळखून ते फिरविले तर दुर्ग तरे, चुकले तर अग्नीत जाय. ते धरी तो सुकाणदार, आणि त्याचा मान गादीच्या खालोखाल.

पूर्वी सुकाणदारी वंशाने चालत असे. अकरा पिढ्या बापामागे लेक बसला. अकरावे हैबतराव, मनाचे भले, परंतु वाऱ्याचे ज्ञान शून्य. त्यांचे कारकीर्दीत खालून वादळ उठले आणि हैबतराव बुरुजावरील वारा दाखविणाऱ्या यंत्राकडे पाहात राहिले, मग पूर्वेचा बुरूज तुटोन दोनशे माणूस गेले. बाईसाहेब तेव्हां नुकत्याच गादीवर आल्या होत्या. त्यांनी हुकूम केला की, "याउपरी जन्म पाहू नये, गुण पाहावा." आणि परीक्षा मांडिली आणि ती सटवोजी नळकर यांनी जिंकिली. हे दुर्गाच्या तळी हवेच्या नळांतील शेवाळ खरवडणारे, म्हणोन नळकर, वय बावीस. दरबारी मंडळींनी नाके मुरडिली. परंतु सटवोजींनी तीस वर्षे सुकाणू ऐसे सांभाळिले की एक माणूस दगावले नाही, आणि मग तीच मंडळी त्यांस मुजरा करू लागली.

पुढे नजर मंदावली म्हणोन सटवोजींनी रजा मागितली, आणि नव्या परीक्षेचे काम त्यांजकडेच आले. एकोणीस उमेदवार बसले, त्यांत त्यांची लेक सगुणाबाई पहिली आली. बाप म्हणोन रेसभर पक्षपात केला नव्हता, उत्तरे दुसऱ्यांकडून तपासविली होती. सटवोजींचे मन भरून आले. सुकाणदारीची वस्त्रे देण्यास आठ दिवस होते, तो ठकूबाई नावाची एक नळकरीण भेटीस आली. वय पंचविसाच्या आत, परीक्षेत शेवटून पहिली.

ती उभ्यानेच बोलिली, "सरकार, तक्रार नाही. एक विचारायचे आहे. तुम्हांस परीक्षेत काय विचारिले होते?"

सटवोजी हसोन म्हणाले, "आमचे वेळी फार नव्हते. डोळे बांधून नळापाशी बसविले आणि वारा कोणता ते सांग म्हटले. खालचा वारा आधी नळांत शिरतो, नळाचा सूर बदलतो, बुरुजावरील यंत्रास मागाहून कळते."

"मग तो प्रश्न आता कुठे गेला?"

सुकाणदाराचे मदतनीस दरसाल याच परीक्षेने घेतले जात; ती गेल्यावर सटवोजींनी त्या जुन्या प्रश्नपत्रिका काढविल्या आणि कारकुनाकडून वाचवून घेतल्या. पहिले साली एक प्रश्न. मग त्यांनीच भूमिती घातली, कारण भूमिती उपयोगी. मग नकाशे आणि यंत्रांचे गणित आणि पूर्वजांची भाषा घातली, तीही चांगलीच. आणि नळाचा प्रश्न बाराव्या साली गावंढळ म्हणोन काढिला, खाली सही सटवोजींचीच. यंत्रे होती वरच्या वाड्यांत, शिक्षक वरच्या वाड्यांत, आणि तीस वर्षांत नळांतून एक माणूस वर आले नव्हते. मग ते काठी टेकीत तळास उतरले आणि नळास कान लाविला. काही ऐकू आले नाही. दुसरे दिवशी लाविला, तिसरे दिवशी लाविला. नुसती घरघर. तेव्हां सटवोजी तेथेच ओल्या फरशीवर बसले आणि पुष्कळ वेळ उठले नाहीत.

घरी येऊन लेकीस म्हणाले, "सगुणे, परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल."

सगुणाबाई ताटावरून उठल्या. "आबा, मी पाचव्या वर्षापासून शिकते आहे. तुम्ही जे शिक म्हणालात ते शिकले. चोरी केली नाही, कोणाचे हिरावले नाही. माझा अपराध काय?"

"तुझा काहीच नाही. माझा आहे."

"आणि शिक्षा मला?"

सटवोजी बोलिले, "होय." आणि मान खाली घातली.

मग बाईसाहेबांची परवानगी घेऊन पहिल्या साली झाली तैशी परीक्षा मांडिली. भर दुपारी दरबार तळास उतरला, वृद्ध बाईसाहेब पालखीतून आल्या. डोळे बांधून एकेकास नळापाशी बसविले. सगुणाबाई निश्चयाने म्हणाल्या, "वारा उत्तरेचा." वरचे यंत्रही उत्तरच सांगत होते. शेवटी ठकूबाई बसली, कान लावून ओठ हालवीत राहिली, आणि एकाएकी डोळ्यांची पट्टी ओढोन ओरडली, "खालून येते! मोठे आहे! सुकाणू उचला!" यंत्र स्वस्थ. सरदार हसू लागले. सटवोजींस स्वतःस काही ऐकू येत नव्हते, तरी त्यांनी सुकाणूवरील मदतनिसांस हुकूम पाठविला, "ती म्हणते तैसे करा." दुर्ग कण्हत वर चढला, आणि अर्ध्या घटकेत खालून असे वादळ उसळले की तळाचे बाहेरचे नळ चिपाडासारखे चुरगळले. वर चढणे झाले नसते तर हा कागद लिहिण्यास कोणी उरते ना.

सुकाणदारीची वस्त्रे ठकूबाईस जाली. सटवोजींनी अर्ज केला की, जो सुकाणू धरील त्याने परीक्षेचा प्रश्न काढू नये, तो दर खेपेस नळकरांनी काढावा. तो मंजूर जाला. भूमिती आणि नकाशे ठकूबाईस सटवोजींनीच शिकविले, आणि ती शिकताना कुरकुर करी.

सगुणाबाई बापाशी वर्षभर बोलल्या नाहीत. मग कोणास न सांगता तळास राहण्यास गेल्या आणि शेवाळ खरवडण्याचे काम धरिले. सटवोजी दर आठवड्यास जिना उतरोन तेथवर जात. आधी त्या पाठ फिरवीत. पुढे एके दिवशी त्यांनी आपल्या बाजूची फरशी कोरडी पुसली आणि म्हणाल्या, "बसा आबा, पाय दुखत असतील."

एवंच, जन्माने आलेला अधिकार एका हुकुमाने गेला, आणि गुणाने आलेला अधिकार वंशाचा होऊ पाहात होता, तो एका बापाने आपल्या हाते सोडविला. त्यात त्यांस सुख जाले की दुःख, ते त्यांनी कोणास सांगितले नाही, म्हणोन येथे लिहिले नाही. इति.