बाबांच्या वाटणीचा घोट

उघडलेली सिंगल माल्टची बाटली कशी सांभाळायची, या विषयात जव्हारपासून मोखाड्यापर्यंत उज्ज्वलाचा हात धरणारं कोणी नव्हतं! आता तिने जन्मात कधी दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता, ही गोष्ट वेगळी. पोराच्या डोक्यात ऊ नसतानासुद्धा ती उवांवर भाषण देऊ शकायची, त्यातलाच हा प्रकार.

बाटली उभीच ठेवायची, आडवी केली की बूच खराब होतं. उन्हात नाही, उजेडात नाही, गॅसजवळ तर नाहीच नाही! आणि सगळ्यात मोठा शत्रू हवा. बाटली जितकी रिकामी, तितकी आत हवा जास्त, आणि तितका वास लवकर उडणार. हे सगळं तिला पंकजच्या लशींच्या तारखांसारखं पाठ होतं.

"माणूस दारू प्यायला लागला तर बायका बाटल्या फोडतात," मुकेश म्हणायचा. "आमच्या घरी बायको बाटलीला अंगाई म्हणते."

मुकेश आश्रमशाळेत गणित शिकवायचा. त्यामुळे विनोदसुद्धा फळ्यावर मांडल्यासारखे, सावकाश करायचा.

पण ती बाटली साधी नव्हती. बाबांची होती.

बाबा, म्हणजे तिचे वडील चंदूभाऊ, वनरक्षक. दाभोशाच्या धबधब्यावर एकदा मुंबईचा कोणी पाहुणा शेवाळावरून घसरला. बाबांनी त्याला पाठंगुळीला मारून वर आणला. पुढच्या महिन्यात तो गृहस्थ लंगडत लंगडत परत आला, तो थेट स्कॉटलंडची बाटली घेऊन! ती कशी प्यायची हेही शिकवून गेला. आधी वास घ्यायचा. मग थेंबभर पाणी घालायचं. मग घोट तोंडात घोळवायचा, घाई करायची नाही. बाबांनी ती बाटली वर्षानुवर्षं पेटीत, गणवेशाच्या घडीखाली जपली आणि फोडली ती पंकज जन्मला त्या दिवशी. सूर्यमाळहून त्यांचा धाकटा भाऊ रघु आला होता. दोघांनी स्टीलच्या वाट्यांमधून जरा जरा म्हणत अर्धी संपवली. बाबांनी डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाले, "मोहाची फुलं वाळत घातल्येत. सर येऊन गेल्ये. आणि पलीकडच्या पाड्यावर कोणीतरी चूल पेटवल्ये."

नुकतीच बाळंत झालेली उज्ज्वला उशीवरून हे ऐकत होती. वास तिच्यापर्यंत पोचला नव्हता. मग बाबांनी बूच घट्ट लावलं. "उरलेली नातू शाळेत जाईल तेव्हा!"

नातू शाळेत जायच्या आधी बाबाच गेले.

बाबा दारात यायच्या आधी त्यांचा खोकला यायचा. पायरीवर बसून बूट काढता काढता ते असे खोकायचे की शेजारच्यांच्या कोंबड्या उडून कुडावर बसायच्या. तो खोकला बंद झाला, आणि उज्ज्वलाने बाटली सांभाळायचा विडा उचलला. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी हवा! मग तिने पंकजच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या उकळल्या, वाळवल्या, आणि व्हिस्की त्यांत काठोकाठ भरली. चार बाटल्या झाल्या. औषधाशी गल्लत नको म्हणून प्रत्येकीच्या गळ्याला लाल दोरा बांधला. चारही तांदळाच्या कोठीत खोल रोवल्या, उभ्या! पंकजचा हात पोचू नये म्हणून कोठीच्या झाकणावर पाटा ठेवला. तेव्हापासून घरात भात शिजवायचा म्हणजे आधी व्यायाम.

आणि आता पंकज बालवाडीत जायला लागला होता. पहिल्या दिवशी तो रडला नाही. उज्ज्वलाच शाळेच्या खिडकीबाहेर उभी राहून रडली. रविवारी तिने रघुकाका आणि सोमीकाकीला बोलावलं. चव तीच राहिली आहे का, हे सांगू शकणारा अख्ख्या जगात एकच माणूस उरला होता. काका "हीच ती" म्हणाले, तर बाबांचं काहीतरी तिने खरंच राखलं. नाही म्हणाले, तर इतके दिवस ती तांदळात नुसत्या बाटल्या पुरून बसली होती!

सकाळी पंकजला खोकल्याचं औषध पाजून तिने बाटली खिडकीत ठेवली, ड्रॉपर धुऊन घेतला. दुपारी अंगणात चटई टाकली, काचेचे ग्लास मांडले, शेजारी उकळून गार केलेलं पाणी. कोठीतून दोरेवाली एक बाटली काढून आणली.

"ह्ये काय गं पोरी?" काकांनी ड्रॉपर उचलला. "आजारी हाय का ती?"

"पाण्याचा एक थेंब घालायचा असतो, काका. वास मोकळा होतो."

"बरं. पण आधी धरतरीला."

उज्ज्वलाने बाटलीवर हात ठेवला. हे तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं! पहिली धार जमिनीला, देवांना, गेलेल्या माणसांना. त्याशिवाय काका पाणीसुद्धा पितील की नाही याची शंका.

"हो हो," ती घाईने म्हणाली, "पण एकेकच थेंब हं! हा घ्या ड्रॉपर."

सोमीकाकीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं तिने गावदेवीला चिल्लर मोजायला सांगितली असावी. "गे बय! धरतरी काय तुझा पोर हाय, ड्रॉपरनं पाजायला?"

काकांनी पळसाच्या पानाचा दोना केला, त्यात बाटली ओतली आणि सुरू झाले. "ही धरतरीला. ही कणसरीला. ही हिरव्या देवाला. ही वाघदेवाला..."

"वाघदेवाला जरा कमी चालेल," उज्ज्वला पुटपुटली. "जंगलात वाघ राहिलेत कुठे!"

"म्हनूनच जास्ती. रुसून गेलाय त्यो."

देव संपता संपता पहिली बाटली संपली. दुसरी आली, मग पूर्वज आले. काकांचा आजा, त्याचा आंधळा भाऊ, मग बाप, सुईण असलेली आत्या. काका एकेकाचं नाव घेत होते आणि नावामागून माणूस येऊन अंगणात बसल्यासारखं वाटत होतं. कोण झाडावरून मध काढायचा, कोण नाचताना तारपा वाजवणाऱ्याशी भांडायची. उज्ज्वलाला यातली निम्मी माणसं ठाऊकच नव्हती. ऐकता ऐकता तिचा हात नकळत हनुवटीखाली गेला.

तेवढ्यात काकी म्हणाली, "आन् लखमा म्हातारा?"

काका थांबले. "कोन लखमा?"

"तुमच्या आज्याचा थोरला भाऊ! दरसाल इसरता! मागं इसरलात तवा म्हैस आटली!"

"म्हैस म्हातारी होती म्हनून आटली!"

"लखम्यानं आटवली!"

"मग आता घाला ना त्यांना," उज्ज्वला काकुळतीला आली.

"मधीच कसं घालू? थोरला हाय त्यो. त्याच्या खालच्यांनी आधी पिली नि ह्यो मागनं? पुन्ना पयल्यापासनं!"

"पहिल्यापासून?"

"धरतरीपासनं!"

मुकेशने मनातल्या मनात गणित केलं आणि ग्लास हळूच पालथा घातला.

तिसरी बाटली आली आणि गेली. वाघदेव दोनदा प्यायला. एवढ्यात पंकज ओल्या मातीत बोट घालून ते तोंडाकडे नेताना दिसला! उज्ज्वलाने चटईवरून अशी झेप घेतली की वाघदेवालाही हेवा वाटावा. त्याचं बोट धुतलं, तोंड धुतलं, पुन्हा बोट धुतलं.

"आता एकच राह्यला," काकांचा आवाज खाली गेला. "चंदूभाऊ."

दोना कोरडा होता.

"आण गं पोरी. भाऊ ताटकळलाय."

पंकजला काखेत घेऊन ती आत धावली. आता मात्र तिचा जीव कासावीस झाला. शेवटची बाटली! ही ओतली तर काका चाखणार काय आणि सांगणार काय? बघते तर बाटली समोर खिडकीतच! मुकेशने आधीच काढून ठेवलेली दिसते. या माणसाला कधी नव्हे ती अक्कल सुचली म्हणायची!

बाहेर पायरीपाशी, जिथे बाबा बूट काढायचे, तिथे काका उकिडवे बसले होते. "लेकीच्या हातनं घाल," ते म्हणाले.

तिने ड्रॉपर भरला. एक थेंब टाकायचा, बस. बाकीची काकांना. पण त्या काळ्या मातीकडे पाहताना तिला बाबांची टाच दिसली, भेगा पडलेली, मोजा काढल्यावर लाल वण उठलेली. तिचे डोळे भरून आले. ड्रॉपर बाजूला टाकून तिने बाटली पालथी केली. सगळी!

मग काकांनी खाली वाकून, डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"त्योच वास," ते म्हणाले. "मोहाचा. त्योच गं पोरी! तसाच राखलास." आणि खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले. काकीही रडली. मुकेशसुद्धा फळा पुसतात तसा चष्मा पुसू लागला.

मग काकांनी पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली. घरची, मोहाची.

"ही उघडल्यावर किती टिकते, काका?" उज्ज्वलाने सवयीने विचारलं.

"काय म्हाईत! आजवर उरलीच नाय कधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वला अंगण झाडायला आली. धरतरी, कणसरी, सगळे पूर्वज आपापल्या जागी सुकून गेले होते. फक्त पायरीपाशी मुंग्यांची ही जत्रा लागलेली! येत होत्या, जात होत्या, एकमेकींना निरोप देत होत्या.

मुंग्या? व्हिस्कीला?

ती खिडकीशी धावली. काल आवरताना ठेवलेली रिकामी बाटली तिथेच होती. गळ्याला दोरा नव्हता. तिने पाटा उतरवला, कोठीत कोपरापर्यंत हात घातला. तळाशी, उभी, काठोकाठ भरलेली, लाल दोऱ्याची चौथी बाटली!

"अहो," ती मटकन खाली बसली. "काल मी बाबांना पंकजचं खोकल्याचं औषध पाजलं!"

मुकेशने दात घासायचा ब्रश तोंडातून काढला.

"बरंच झालं," तो म्हणाला. "त्यांना होताच ना खोकला."

तिला हसू आलं आणि रडूही. काकांना कळवायचं नाही, हे दोघांनी तिथल्या तिथे ठरवलं. मुकेश पंकजला आंघोळ घालायला गेला. उज्ज्वला बाटली घेऊन पायरीवर येऊन बसली, मुंग्यांना जागा सोडून.

तिने झाकण फिरवलं आणि नाक जवळ नेलं. आधी नुसता झणका! मग हळूहळू काहीतरी गोड, सुकत घातलेलं. त्यामागे ओली माती. आणि लांब, अगदी लांब, धूर.

चूल. पलीकडच्या पाड्यावरची.

तिने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

घशात असा जाळ उठला की ती कंबरेत वाकली आणि खोकायला लागली. थांबेचना! शेजारच्यांच्या कोंबड्या फडफडून कुडावर चढल्या.

मोरीतून मुकेश ओल्या हातांनी धावत आला आणि दारातच थबकला. "क्षणभर वाटलं," तो हळूच म्हणाला, "बाबाच आले."

उज्ज्वलाला काहीतरी म्हणायचं होतं, पण खोकला बोलू देईना. तिने हातानेच खुणावलं, औषध द्या, औषध!

मुकेशने खिडकीकडे पाहिलं. मग मुंग्यांकडे पाहिलं.

"ते तर," तो म्हणाला, "काल सगळं बाबांनीच संपवलं!"